उघड्या माळावरची शिकार : प्रॉन्गहॉर्नच्या मागावर

वायोमिंगमध्ये शाएन शहराच्या बाहेर कोणत्याही रस्त्यानं गाडी काढा, अर्ध्या तासाच्या आत प्रॉन्गहॉर्न दिसतो. त्याला शोधावं लागत नाही. पिवळ्या गवतात तांबूस-पांढरे ठिपके दिसतात, एखादा कळप तर तारेच्या कुंपणाला लागूनच चरत असतो. नव्या शिकाऱ्याची फसगत इथंच होते. एवढी जनावरं डोळ्यांदेखत उभी आहेत म्हटल्यावर टॅग, म्हणजे एका जनावराच्या शिकारीचा परवाना, भरायला सकाळ पुरेल, असं त्याला वाटतं. मग तो गाडी थांबवतो, दार उघडतो, पाय खाली टेकवतो आणि तोवर तोच कळप आठशे यार्डांवर जाऊन उभा राहिलेला असतो. तिथून सगळी तोंडं त्याच्याकडे वळलेली असतात. हे जनावर सापडतं सहज. त्याच्या नजरेआड राहणं मात्र कठीण असतं, आणि शिकायचं ते तेवढंच आहे.

मी करमाळा तालुक्यातल्या माळावर वाढले. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीत काळवीट शिरायचे आणि राखणीला बसलेल्या माणसाची चाहूल लागताच उड्या घेत नाहीसे व्हायचे. त्यामुळे इथलं सेजब्रशच्या झुडपांचं पठार पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मला परकं वाटलं नाही. पण एक फरक सुरुवातीलाच सांगते. आपल्याकडे काळविटाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. अमेरिकेतली व्यवस्था वेगळ्या पायावर उभी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेबंद कत्तलीमुळे प्रॉन्गहॉर्न काही हजारांवर आला होता. मग शिकार बंद झाली, हंगाम ठरले, परवान्यांची संख्या बांधली गेली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. आज प्रॉन्गहॉर्न पुन्हा लाखांच्या घरात आहेत आणि त्यांतले जवळपास निम्मे एकट्या वायोमिंगमध्ये. २०२२-२३ च्या भीषण हिवाळ्यात राज्याच्या पश्चिम भागात ते मोठ्या संख्येनं मेले, तेव्हा खात्यानं परवाने लगेच कमी केले. कोलोरॅडो-वायोमिंगच्या बाजूला राहणारी आपली मुलं आता या शिकारीबद्दल विचारू लागली आहेत. हा लेख त्यांच्यासाठी.

आधी जनावर ओळखून घ्या. इथले लोक त्याला सर्रास अँटिलोप म्हणतात, पण तो हरणांचाही नाही आणि कुरंगांचाही नाही. त्याच्या कुळातला तो एकटाच उरला आहे आणि आजच्या प्राण्यांत त्याची सर्वांत जवळची सोयरीक जिराफाशी आहे. शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो आणि त्यावरचं काळं टरफल तो दर वर्षी टाकतो; हे दुसऱ्या कोणत्याही जनावरात नाही. उंची खांद्यापाशी जेमतेम तीन फूट, नराचं वजन पन्नास किलोच्या आसपास. म्हणजे आपल्या मोठ्या बोकडाएवढा जीव. आणि हा जीव ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरनं पळतो. आजच्या अमेरिकेत त्याला गाठेल असं एकही जनावर नाही. मग एवढा वेग कशासाठी? जॉन बायर्स या अभ्यासकानं त्याचं उत्तर भूतकाळात शोधलं. हिमयुग संपताना नामशेष झालेल्या अमेरिकी चित्त्यासारख्या शिकाऱ्यांनी हा वेग घडवला; शिकारी गेले, वेग राहिला. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटांवर सोडत, हे ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला ही गोष्ट पटायला वेळ लागत नाही.

शिकाऱ्याच्या दृष्टीनं वेगाहून महत्त्वाचे आहेत त्याचे डोळे. डोक्याच्या मानानं ते फार मोठे असतात आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात. पाठीमागचा थोडा पट्टा सोडला तर त्याला चहूकडचं दिसतं, मान खाली घालून चरतानाही. दूरवरची हालचाल तो लगेच टिपतो. नाकही चांगलं आहे. पण त्याचा भरवसा डोळ्यांवर, आणि डोळ्यांवर भरवसा असणाऱ्या जनावराला झाडी नको असते. म्हणून तो उन्हात, उघड्यावर, उताराच्या मध्यावर बसतो. धोका दिसला की ढुंगणावरचे पांढरे केस पिसारल्यासारखे उभे राहतात आणि मैलभर लांबच्या कळपालाही तो इशारा कळतो. त्याच्या तीन खोडी मात्र तुमच्या कामाच्या आहेत. तो कुंपणावरून उडी सहसा घेत नाही, तारेखालून सरपटून जातो. थोडं पळाला की थांबून मागं वळून पाहतो. आणि समजत नाही अशा वस्तूबद्दल त्याला विलक्षण कुतूहल असतं. तिन्हींकडे पुढे येतेच.

त्याआधी कागद. हा भाग कंटाळवाणा असला तरी आपल्या लोकांसाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून इथं थांबते. तुम्ही एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं तुम्हाला मुळात निषिद्ध आहे. मित्राची रायफल नेमबाजीच्या मैदानावर हातात घेणं हेही त्यात येऊ शकतं. याला जे थोडे अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्यानं दिलेला, मुदतीतला शिकार परवाना. म्हणजे आधी परवाना, मग बंदुकीला हात. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अट नाही. तरीही स्थलांतराच्या वकिलाला एकदा विचारूनच पुढे जा. एका चुकीत व्हिसा जाऊ शकतो. धनुष्यबाण या कायद्यात बंदूक ठरत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं.

१ जानेवारी १९६६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला वायोमिंगमध्ये शिकारीसाठी सुरक्षा अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र लागतं. तो अभ्यासक्रम केवळ सोपस्कार म्हणून उरकू नका. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी बंदूक नव्हती, त्यामुळे इथं वाढलेल्या मुलाच्या अंगवळणी जे असतं ते आपल्याला नव्यानं शिकायचं आहे. टॅग सोडतीनं मिळतो. बाहेरच्या राज्यातून अर्ज करणाऱ्यांची मुदत साधारण जूनच्या सुरुवातीला संपते. परवाना एका ठरावीक क्रमांकाच्या विभागापुरता असतो आणि त्यावर कोणतं जनावर चालेल हेही लिहिलेलं असतं. काही परवाने कोणत्याही प्रॉन्गहॉर्नसाठी, तर काही फक्त मादी किंवा पाडसासाठी असतात. पहिल्या वर्षी मादीचा परवाना घ्यावा असं माझं मत आहे. तो मिळायला बहुधा सोपा असतो, स्वस्त असतो आणि शिंगांच्या मोहात माणूस चुकीचा बार काढत नाही. ओळखताना नराच्या जबड्याखालचा काळा पट्टा पाहा. मादीलाही शिंगं असतात, पण सहसा कानांहून आखूड. कोवळ्या नराचीही तेवढीच असू शकतात, म्हणून शिंगांपेक्षा गालावर विश्वास ठेवा.

जागेचा प्रश्न याहून किचकट. युनियन पॅसिफिक रेल्वे टाकताना १८६० च्या दशकात सरकारनं रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी वाटली : एक चौरस मैल रेल्वेला, शेजारचा सरकारला. रेल्वेचे तुकडे पुढे खासगी मालकांकडे गेले. त्यामुळे दक्षिण वायोमिंगमध्ये सरकारी जमिनीचे कितीतरी चौकोन फक्त कोपऱ्यांवर एकमेकांना टेकतात. अशा कोपऱ्यावरून, खासगी मातीला पाय न लावता, एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात जाता येतं का, यावर २०२१ मध्ये एल्क माउंटनजवळ चार शिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. पण कोपरा नेमका कुठं आहे हे दाखवणारी खूण जमिनीवर नसेल तर तिथं जाऊ नका. फोनवर जमिनीच्या मालकीचा नकाशा उतरवून ठेवा, कारण माळावर नेटवर्क नसतं. खासगी जमिनीसाठी लेखी परवानगी घ्या. वन्यजीव खात्यानं शेतकऱ्यांशी करार करून शिकाऱ्यांना खुल्या केलेल्या जमिनीही आहेत. नवख्यासाठी त्या उत्तम.

सामानात बंदुकीला लोक फार महत्त्व देतात. पॉइंट २४३, साडेसहा क्रीडमूर, पॉइंट २७० यांतली कोणतीही रायफल पुरेशी आहे. मी तर म्हणेन की रायफल उसनी चालेल, दुर्बीण चांगलीच हवी. दहाच्या ताकदीची दुर्बीण, शक्य असेल तर तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप आणि अंतर मोजणारा रेंजफाइंडर. माळावर डोळ्यांनी काढलेला अंतराचा अंदाज हमखास चुकतो. शेजारी झाड नाही, घर नाही, तुलनेला काहीच नाही. आणि जनावर मुळातच लहान. माझ्या डोळ्यांना जे दोनशे यार्ड वाटलं ते यंत्रावर तीनशे दहा निघालेलं आहे. याखेरीज गुडघ्यांना जाड पॅड आणि हातांना चामड्याचे मोजे घ्या. गवतात जमिनीसरशी पसरलेला फड्या निवडुंग असतो. त्याचे काटे तळहातात मोडले की पुढचं सरपटणं संपतं. बंदुकीच्या हंगामात अंगावर निदान एक भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा असणं वायोमिंगमध्ये सक्तीचं आहे. त्यानं शिकार बिघडेल अशी भीती बाळगू नका. तुमच्या टोपीच्या रंगापेक्षा तुमची हालचाल त्याला शंभरपट लवकर दिसते.

आता मूळ विषय, पाठलाग. पाठलाग म्हणजे मागं धावणं नव्हे. गाडीनं जनावराला पळवणं बेकायदा आहे आणि क्रूरही.

सकाळी उजाडायच्या आधी एखाद्या उंचवट्याच्या अलीकडे थांबा. माथ्यावर उभं राहू नका. आभाळाच्या पार्श्वभूमीवर माणसाचं डोकं दोन मैलांवरून दिसतं. माथ्याच्या थोडं खाली, सेजब्रशच्या झुडपाला पाठ लावून बसा आणि दुर्बीण लावा. पहिला कळप दिसला की उठायचं नाही. निदान अर्धा तास नुसतं पाहा. कळप चरतोय की चालतोय, कोणत्या दिशेला सरकतोय, पाणी कुठं आहे, वारा कुठून येतोय. पाहून झालं की जनावरं सोडा आणि जमीन पाहा. हेच या शिकारीचं मर्म आहे. लांबून सपाट दिसणारा माळ कधीच सपाट नसतो. पावसाच्या पाण्यानं कापलेल्या ओघळी, वाळलेल्या ओढ्यांचे काठ, गुडघाभर उंचीच्या लाटा, जुन्या बांधाची रांग, असं काही ना काही असतं. उन्हं तिरपी असताना सावल्यांमुळे ते कळतं, भर दुपारी सगळं पुसलं जातं. म्हणून जमीन वाचायची ती सकाळी आणि संध्याकाळी. ज्यांनी माळावर गुरं वळली आहेत त्यांना हे सांगावं लागणार नाही. गाय नजरेआड गेली की ती कोणत्या घळीत असेल हे गुराखी बसल्या जागेवरून सांगतो.

तुमच्यापासून कळपापर्यंत अशी एक अखंड वाट सापडली, जिच्यावर तुमचं डोकं एकदाही वर दिसणार नाही, तरच निघा. नाही सापडली तर जनावरं हलण्याची वाट पाहा. मधले पन्नास यार्ड उघडे आहेत, ते पटकन ओलांडू, असं मनाशी म्हणालात की शिकार गेली. माझ्या पहिल्या हंगामात मी हेच केलं. दोन तास ओघळीतून वाकून गेले, शेवटचा उघडा पट्टा मात्र घाईनं ओलांडला. एक म्हातारी मादी मान वर करून माझ्याकडे पाहत होती. ती चरत नव्हती, तिच्याकडे माझं लक्ष नव्हतं. कळपात मोजायचे ते डोळे, शिंगं नंतर.

निघण्याआधी खूण ठरवा. जिथून बार टाकायचा त्या जागेवरचा वेगळा दिसणारा दगड, कुंपणाचा वाकडा खांब, काहीही. ओघळीत उतरलात की सगळा माळ बदलतो आणि कळप कोणत्या बाजूला होता हेच कळेनासं होतं. फोननं एक छायाचित्र काढून ठेवा, त्यावर वाट आखा. वारा तोंडावर किंवा कुशीवर घ्या. शेवटच्या टप्प्यात पोटावर सरपटायचं. रायफलीच्या नळीत काडतूस नसलं पाहिजे आणि नळीचं तोंड नेहमी मोकळ्या दिशेला. काडतूस भरायचं ते जागेवर पोहोचून, जनावर समोर दिसल्यावर. माथ्यावरून डोकावताना डोकं वर उचलू नका. झुडपाच्या बाजूनं हळूहळू पुढं या. कळपातल्या एकानं पाहिलं तर जसे आहात तसे थिजा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ते पुन्हा खाली वाकतं. हाताखाली रॅटलस्नेक नाही ना, हे मात्र सप्टेंबरच्या उबदार दिवसांत आधी पाहा.

आणि कळप उधळला तर? बसून राहा. माझ्या मते नव्या लोकांची सर्वांत मोठी चूक म्हणजे उधळलेल्या कळपामागं गाडी घेऊन जाणं. घाबरवलं नाही, नुसतं बिचकवलं असेल, तर तो कळप बऱ्याचदा मैलभर जाऊन थांबतो आणि काही तासांत आपल्या चरणीला परततो. सप्टेंबरच्या मध्यापासून माजाचे दिवस असतात, तेव्हा आपली जागा राखणारा नर तर हमखास परत येतो. कुंपणाच्या ज्या तारेखालून जनावरं जातात तिथली माती घासून गुळगुळीत झालेली असते, तारेला पांढरे केस अडकलेले असतात. ती जागा सापडली की तिच्यापासून दीड-दोनशे यार्डांवर दबून बसणं हा पाठलागाहून चांगला उपाय ठरतो. तुमच्या स्वतःच्या शेताला कुंपण असेल तर खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून निदान सोळा इंच वर ठेवा. काट्यांनी त्यांच्या पाठी सोलून निघतात.

धनुर्धारी शिकाऱ्यांचा हंगाम बहुतेक विभागांत ऑगस्टच्या मध्यापासून असतो आणि त्यांची रीत निराळी. कोरड्या दिवसांत पाणवठ्याजवळ तंबूसारखी लपण लावायची आणि पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत आत बसायचं. लपण काही दिवस आधी लावून ठेवली तर जनावरं सरावतात. आत काळे कपडे घाला, मागची खिडकी बंद ठेवा, भरपूर पाणी न्या. दुपारी आत भट्टी होते, आणि प्रॉन्गहॉर्न नेमका दुपारी पाण्यावर येतो. रात्री पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी बसू नका. प्रत्येक खळग्यात पाणी साचलेलं असतं आणि तुमच्या तळ्यावर कोणी येत नाही.

कुतूहलाचा उपयोग जुना आहे. पांढरं फडकं हलवून प्रॉन्गहॉर्नला जवळ बोलवायची युक्ती इथल्या मूळ रहिवाशांना माहीत होती आणि नंतरच्या गोऱ्या शिकाऱ्यांनीही ती वापरली. आज ज्या जनावरांनी अनेक हंगाम पाहिले आहेत ती फडक्याला फारशी भुलत नाहीत. माजाच्या दिवसांत नराचं चित्र असलेली फळी पुढं धरली तर जागेचा मालक मात्र चवताळून धावत येतो. हे फक्त धनुष्याच्या हंगामात करा. बंदुकीच्या हंगामात जनावराच्या चित्रामागं लपणं म्हणजे दुसऱ्याच्या नेमापुढं उभं राहणं आहे. दुसरी एक सोंग-फळी इथं मिळते, गाईची. कापडावर छापलेली गाय पुढं धरून शिकारी, गुरं चरत चरत जातात तसा, तिरपा पुढं सरकतो, कारण प्रॉन्गहॉर्नला गुरांची सवय असते. ती पहिल्यांदा दुकानात पाहिली तेव्हा मला आपल्याकडचे गाय पारधी आठवले. शिकवलेल्या जिवंत गाईच्या आडोशानं माळावरच्या हरणापर्यंत आणि पाखरापर्यंत जाणारी ही माणसं. गाईला कुठं थांबवायचं, कधी चरू द्यायचं, आपले पाय तिच्या पायांआड कसे ठेवायचे, हे सगळं ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. इंग्रजांनी त्यांच्यावर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला आणि त्या शिक्क्याचे चटके ती माणसं अजून सोसताहेत. त्यांचं कसब इथं छापील कापड होऊन खुंटीला टांगलेलं पाहून मला वाईट वाटलं.

नेम. घरून निघण्याआधी मैदानावर शंभर नव्हे, दोनशे आणि तीनशे यार्डांवर सराव करा, आणि तोही टेबलावरून नव्हे : पोटावर झोपून, बसून, काठ्यांच्या आधारानं. दहापैकी नऊ गोळ्या आठ इंची ताटलीत जातील ते अंतर तुमची मर्यादा. माळावर ती शंभर यार्डांनी कमी धरा. दोनशे यार्डांवर जुळवलेल्या रायफलीची गोळी तीनशेला सहा ते आठ इंच खाली उतरते. हे शिकता येतं. खरा वैरी वारा आहे. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तीनशे यार्डांत गोळीला पाच ते आठ इंच बाजूला नेतो, आणि वायोमिंगमध्ये दहा मैलांच्या वाऱ्याला वारा म्हणतच नाहीत. प्रॉन्गहॉर्नच्या फुफ्फुसांचा भाग ताटलीएवढाच असतो. आठ इंच सरकलेली गोळी पोटात शिरते आणि ते जनावर मैलोन्‌मैल जाऊन तडफडतं. म्हणून वारा जोरात असेल तर आणखी जवळ जा, नाहीतर परत फिरा.

जनावर आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या मागं, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर. पळत्या जनावरावर कधीही नाही. त्याच्या पाठीमागं दुसरं जनावर असताना नाही. गोळी आरपार जाते. माथ्यावर, आभाळाच्या रेषेवर उभं असताना नाही. रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या पलीकडे नाही, हा कायदाच आहे. बार झाल्यावर कळप एकत्र पळतो आणि सगळी जनावरं सारखी दिसतात, म्हणून नजर आपल्या जनावरावरून हलवायची नाही. दुसरं काडतूस चढवा आणि पाहत राहा. चुकलं असं वाटलं तरी जागेवर जाऊन रक्त शोधा. पूर्ण तपास केल्याशिवाय दुसऱ्या जनावराकडे वळण्याचा हक्क आपल्याला नाही, असं मी मानते.

ते पडल्यावर मागच्या बाजूनं जा, डोळ्याला काडीनं हलकेच स्पर्श करून खात्री करा. परवान्याचं कुपन त्याच जागी तारीख घालून, सही करून लावायचं असतं. त्यानंतर घड्याळ सुरू होतं. प्रॉन्गहॉर्नचं मांस उग्र लागतं, सेजब्रशचा वास येतो, असं इथं अनेकजण सांगतील. त्यांनी ते ट्रकच्या मागं चार तास उन्हात फिरवलेलं असतं. त्याचे केस पोकळ असतात, थंडीत ऊब धरण्यासाठी. मेल्यावरही ते उष्णता आतच कोंडतात. म्हणून पोट साफ करून लगेच जागेवरच कातडी उतरवा. केस भसाभस गळतात, ते मांसाला चिकटू देऊ नका. ढुंगणावर वासाच्या ग्रंथी असतात, तिथं लागलेला सुरा आणि हात धुतल्याशिवाय मांसाला लावू नका. मागच्या मांड्या, पुढचे खांदे आणि पाठीच्या कण्यालगतचं मांस नेणं बंधनकारक आहे. मी मान, बरगड्यांवरचं मांस, काळीज आणि कलेजीही आणते. जनावर नर की मादी हे दाखवणारी खूण मांसावर कशी राखायची, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहून घ्या. गाडीत बर्फ भरलेल्या दोन मोठ्या पेट्या हव्यात. बर्फ वितळलेलं पाणी मांसाला लागू देऊ नका, खालची तोटी उघडी ठेवा. मांस विकता येत नाही, वाटता येतं.

गोळीबद्दल एक सांगायचं राहिलं. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून वीतभर लांबपर्यंत पसरतात. घरात लहान मुलं असतील तर तांब्याची गोळी वापरा. माळावर टाकलेली आतडी सोनेरी गरुड खातात, त्यांनाही शिसं मारतं.

एका जनावराचं हाडं काढून पंधरा ते वीस किलो मांस होतं. त्यात चरबी जवळजवळ नसते, हे लक्षात ठेवूनच चूल पेटवा. पाठीची पट्टी बोटभर जाडीच्या कापांत कापून, मीठ-मिरी लावून कडकडीत तव्यावर तुपात दोन्हीकडून दोन-दोन मिनिटं. आतून गुलाबी असतानाच उतरवा, पूर्ण शिजवलीत तर चामडं होईल. मांड्यांच्या मोठ्या तुकड्यांना दह्यात रात्रभर ठेवा. खिम्यात दहावा हिस्सा बोकडाची चरबी मिसळून दळा, नाहीतर तो कोरडा भुगा होतो. नळ्या आणि मान यांना मात्र आपला काळा मसाला, भाजलेलं खोबरं आणि कुकरच्या सात-आठ शिट्ट्या हव्यात. त्या रश्शाबरोबर ज्वारीची भाकरी करते मी. शाएनमध्ये पीठ मिळत नाही, डेन्व्हरहून आणावं लागतं.